सूर्याच्या विजेची बेगमी



ऊर्जेचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर दोन रकाने आखतो. एका रकान्यात कोळसा, डिझेल, पेट्रोल, नैसर्गिक वायू. दुसऱ्यात सूर्य, वारा, पाणी. पहिल्या रकान्यातलं एक दिवस संपणार, दुसऱ्यातलं संपणार नाही, एवढं लिहून घेतलं की पाठ झाला. पण हल्लीची मुलं तिथे थांबत नाहीत. घरात मोबाईलवर बातम्या चालू असतात, गावात एखाद्या छपरावर पॅनेल बसलेलं असतं. मग प्रश्न येतो, "सौर वीज कोळशापेक्षा स्वस्त झाली म्हणतात, तर मग कोळसा बंद का होत नाही?" आणि पालकसभेत त्याच प्रश्नाचं दुसरं रूप ऐकू येतं, "सौर वीज अडीच रुपयाला पडते म्हणे, मग आमचं बिल का नाही उतरत?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. "होय" किंवा "नाही" असं एका शब्दात उत्तर दिलं तर ते अर्धवट राहतं. पूर्ण उत्तराची उदाहरणं मात्र आपल्या रायगड जिल्ह्यातच भरपूर आहेत. त्यांच्याच आधारे हा पाठ मांडतो.

कोळशाला पहिली टक्कर, १९१५

स्वच्छ ऊर्जा ही कालपरवाची गोष्ट आहे असा आपला समज असतो. पण खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा जिल्हा होता. मुंबईच्या कापड गिरण्या वाफेच्या इंजिनावर चालत आणि त्यासाठी कोळसा लांबून आणावा लागे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवून त्याच पाण्यावर गिरण्या चालवायच्या, ही कल्पना जमशेदजी टाटा यांची. ते १९०४ साली वारले, त्यांना हे काम पाहायला मिळालं नाही. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी पाचशे मीटरहून खाली खोपोलीत उतरवून वीज तयार झाली आणि ती मुंबईला गेली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. तिन्ही केंद्रं आपल्याच जिल्ह्यात आहेत आणि आजही चालतात.

या इतिहासातून मुलांना दोन गोष्टी सांगाव्यात. एक, ही वीज स्वच्छ असली तरी सगळ्यांना फुकट पडली नाही. भिऱ्याला पाणी देणाऱ्या मुळशी धरणात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. दुसरी गोष्ट आजच्या प्रश्नाला जास्त जवळची आहे. गिरण्यांनी कोळशाची वाफ सोडून पाण्याची वीज घेतली, तरी कोळसा संपला नाही. मुंबई वाढली, विजेची मागणी वाढली, डोंगरातलं पाणी पुरेना, आणि १९५० च्या दशकात उरणच्या समोर खाडीपलीकडे ट्रॉम्बेला औष्णिक केंद्र उभं राहिलं. स्वस्त वीज आली म्हणून जुनं इंधन आपोआप जातंच असं नाही. मागणी किती वाढते यावरही ते ठरतं.

किंमत खरोखर किती उतरली?

आता आकडे पाहू. भारतात २०१० च्या सुमारास मोठ्या सौर प्रकल्पांच्या पहिल्या निविदा निघाल्या, तेव्हा एका युनिटचा दर सुमारे १२ रुपये होता. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका निविदेत १ रुपया ९९ पैसे असा दर निघाला. पुढे एप्रिल २०२२ पासून परदेशी पॅनेलवर ४० टक्के आयात शुल्क लागलं आणि दर पुन्हा थोडा चढून अडीच रुपयांच्या आसपास राहिला. म्हणजे किंमत फक्त उतरतच जाते असंही नाही. पण १२ वरून अडीच, ही घसरण मोठीच.

एवढी घसरण का झाली? मुलांना समजावताना मी मासेमारीची होडी आणि मिठागर शेजारी शेजारी ठेवतो. होडीला दर फेरीला डिझेल लागतं. डिझेल महागलं की फेरी महागली. मिठागराला बांध घालायला, कोंडी तयार करायला एकदा खर्च येतो. नंतर ऊन आणि वारा पाणी आटवतात, त्याचं बिल कोणी पाठवत नाही. कोळशाचं केंद्र होडीसारखं आहे. रोज कोळसा खणा, रेल्वेने किंवा जहाजाने आणा, जाळा. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा परदेशी कोळसा आणि वायू एकदम महागले आणि त्याची झळ इथपर्यंत आली. सौर प्रकल्प मिठागरासारखा आहे. खर्च जवळजवळ सगळा सुरुवातीला.

दुसरं कारण असं, की कोळसा ही खणून काढायची वस्तू आहे आणि पॅनेल ही कारखान्यात बनवायची वस्तू आहे. खाण जितकी खोल जाईल तितकी खणाई अवघड होते. कारखान्यात उलट घडतं. जितका माल जास्त काढाल, तितकी बनवण्याची रीत सुधारते. जगातली पॅनेलची एकूण संख्या दुप्पट झाली की किंमत सुमारे वीस टक्क्यांनी उतरते, असं गेल्या कित्येक दशकांत दिसून आलं आहे.

महावितरणच्या निविदेतलं गणित

सातवी-आठवीच्या वर्गाला सरासरी शिकवताना एक खरं उदाहरण वापरता येईल. २०२४ मध्ये महावितरणने एकत्र निविदा काढली. त्यात ५००० मेगावॅट सौर वीज आणि सुमारे १५०० मेगावॅट नव्या कोळसा केंद्राची वीज, दोन्ही एकाच पुरवठादाराकडून घ्यायची होती. अदानी समूहाला ते काम मिळालं. सौर विजेचा दर २ रुपये ७० पैसे आणि दोन्ही मिळून सरासरी दर ४ रुपये ८ पैसे.

आता मुलांना विचारा, कोळशाच्या विजेचा दर सरासरीपेक्षा कमी असेल की जास्त? जास्तच असणार. समजा दोन्ही प्रकारची युनिटं निम्मी-निम्मी धरली, तर कोळशाची वीज ५ रुपये ४६ पैशांना पडेल. खरं प्रमाण वेगळं असेल, पण दिशा कळते. म्हणजे सौर वीज निम्म्या दरात मिळतेय.

मग दुसरा प्रश्न विचारा. हे ठाऊक असूनही महावितरणने कोळशाची वीज मागितलीच का? सगळी सौरच का नाही घेतली? वर्गात कोणीतरी हमखास म्हणतं, "रात्री सूर्य नसतो ना!" तिथूनच खरा पाठ सुरू होतो.

पटावर किती आणि हजर किती

जून २०२५ मध्ये भारताच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता सूर्य, वारा, पाणी आणि अणुऊर्जा यांची झाली. बातमी खरी आहे. पण त्याच काळात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाची होती. ही बातमीही खरी आहे. दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा?

आपल्याला, शिक्षकांना, हे लगेच समजेल. पटसंख्या वेगळी आणि हजेरी वेगळी. क्षमता म्हणजे पट. निर्मिती म्हणजे हजेरी. सौर पॅनेल सकाळी उशिरा येतं, दुपारी जोरात काम करतं, संध्याकाळी निघून जातं आणि ढग आले की गैरहजर. वर्षाचे सगळे तास धरले तर ते आपल्या क्षमतेच्या पाचवा ते चौथा हिस्सा एवढंच काम करतं. कोळशाचं केंद्र सरासरी दोन तृतीयांशाच्या आसपास. म्हणून पट निम्मा-निम्मा असला तरी हजेरीत कोळसा पुढे.

आणि गंमत अशी की, घरातली विजेची मोठी गरज सूर्य गेल्यावर सुरू होते. संध्याकाळी सात वाजता दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर, पाण्याची मोटर सगळं एकदम. शाळेचं मात्र उलट. आपली शाळा साधारण साडेदहा ते पाच. पंखे, स्मार्ट टीव्ही, संगणक, पाण्याचा पंप, सगळं उन्हाच्या वेळेत. म्हणून सौर वीज घरापेक्षा शाळेला जास्त शोभते. मे महिन्यात सुट्टी असते तेव्हा शाळेच्या छपरावरची वीज नेट मीटरमधून जाळ्यात जाते आणि बिलात जमा धरली जाते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा मुद्दा नक्की मांडावा.

पावसाळ्याचं काय?

देशाच्या इतर भागांत मुख्य अडचण रात्रीची आहे. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याचीही आहे. जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत कित्येक दिवस ऊनच नसतं. एक किलोवॅटचं पॅनेल उन्हाळ्यात दिवसाला चार-पाच युनिट देतं, ते भर पावसात निम्म्याच्याही खाली येऊ शकतं. मिठागरंही याच दिवसांत बंद असतात.

पण आपली माणसं पावसाळ्याला पूर्वीपासून ओळखून आहेत. एप्रिल-मे महिन्यांत घरोघरी काय चालतं? बोंबील, जवळा, सोडे वाळवायचे, मीठ भरायचं, लाकूडफाटा झाकून ठेवायचा. पावसाळ्याची बेगमी. उन्हाची ताकद मासळीत साठवून ती श्रावणापर्यंत पुरवायची. विजेचा आजचा प्रश्न हाच आहे. मीठ ढिगात ठेवता येतं, सुकी मासळी डब्यात ठेवता येते. वीज मात्र तयार झाली त्याच क्षणी वापरावी लागते, नाहीतर दुसऱ्या कशात तरी बदलून साठवावी लागते.

ही बेगमी करायच्या दोन मोठ्या पद्धती आहेत. पहिली बॅटरी. तिचीही किंमत वेगाने उतरते आहे. सौर प्रकल्पासोबत दोन तासांची बॅटरी जोडून देण्याच्या २०२४ मधल्या निविदांत दर सुमारे साडेतीन रुपये निघाला. नव्या कोळशाच्या विजेपेक्षा तो अजूनही कमीच आहे. पण ही सोय दोन तासांची आहे, आठवडाभराच्या पावसाची नव्हे.

दुसरी पद्धत पाण्याची, आणि ती पाहायला लांब जायला नको. भिरा इथे १५० मेगावॅटचा उदंचन संच आहे. उदंचन म्हणजे पाणी पुन्हा वर चढवणं. वीज जास्त असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वरच्या तलावात न्यायचं आणि गरज पडली की ते सोडून वीज करायची. शंभर युनिट खर्च केली तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. थोडं नुकसान, पण दुपारची वीज संध्याकाळी मिळते. भिवपुरीलाही असाच १००० मेगावॅटचा प्रकल्प उभारण्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात सामंजस्य करार झाला. शंभर वर्षांपूर्वी गिरण्यांसाठी वापरलेला सह्याद्रीचा तोच उतार आता सूर्याची वीज साठवायला उपयोगी पडतोय.

पावसाळ्याला आणखी एक आधार आहे, वारा. सूर्य लपतो त्याच महिन्यांत घाटमाथ्यावर वारा सर्वांत जोरात असतो. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या पावसाळ्यातच जास्त वीज देतात. सूर्य आणि वारा एकमेकांची रजा भरून काढतात, असं मुलांना सांगितलं की चटकन कळतं.

जुनी केंद्रं लगेच का थांबत नाहीत?

नवीन रिक्षा घेणारा आज सीएनजीचा किंवा बॅटरीचा विचार करील. पण ज्याने दोन वर्षांपूर्वी रिक्षा घेतली, तो ती भंगारात काढणार नाही. वीज केंद्राचंही तसंच. एकदा उभारलेलं केंद्र पंचवीस-तीस वर्षं चालवायचं असतं. वीज कंपन्यांचे त्यांच्याशी लांब मुदतीचे करार असतात आणि वीज कमी घेतली तरी ठरलेला स्थिर आकार द्यावाच लागतो. म्हणून नव्या विजेचा फायदा बिलापर्यंत पोहोचायला वर्षं लागतात.

बिल न उतरण्याचं दुसरं कारण तारांचं आहे. घारापुरीचं उदाहरण घ्या. मुंबईच्या समोर असूनही या बेटावर वीज पोहोचली ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी. तोवर संध्याकाळी काही तास डिझेलच्या जनरेटरवर दिवे लागत. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकायला सुमारे २५ कोटी रुपये लागले. वीज तयार करण्याचा खर्च वेगळा आणि ती दारात आणण्याचा वेगळा. अडीच रुपये हा प्रकल्पाच्या फाटकावरचा दर आहे. खांब, तारा, रोहित्रं, गळती, दुरुस्ती, साठवण हे सगळं त्यावर चढतं.

नवीन केंद्रांचं चित्र मात्र बदललंय. वीसेक वर्षांपूर्वी अलिबाग तालुक्यात शहापूर-धेरंड परिसरात कोळशावरच्या मोठ्या केंद्रांचे बेत होते. तिथल्या शेतकऱ्यांनी आपल्या खारभूमीतल्या भातशेतीसाठी दीर्घ लढा दिला. ती केंद्रं उभी राहिली नाहीत. जगाच्या पातळीवरही २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत वीजनिर्मितीत नवीकरणीय स्रोतांनी पहिल्यांदा कोळशाला मागे टाकलं.

वीज म्हणजे सगळी ऊर्जा नव्हे

इथे एक गोष्ट बहुतेक बातम्यांत सुटते. आपण वापरतो त्या एकूण ऊर्जेत विजेचा वाटा साधारण पाचवा हिस्साच आहे. बाकीची ऊर्जा आपल्या डोळ्यांसमोर असते, पण पाठात येत नाही.

डोलवीच्या पोलाद कारखान्यात कोकिंग कोळसा जळतो. तो फक्त उष्णतेसाठी नसतो, लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घ्यायलाही तो लागतो. थळच्या आरसीएफ कारखान्यात नैसर्गिक वायू हा युरियाचा कच्चा माल आहे. त्यातून हायड्रोजन, हायड्रोजनपासून अमोनिया, अमोनियापासून युरिया. करंजा, रेवदंडा, मुरुडच्या होड्या डिझेलवर जातात. चार-पाच दिवस समुद्रात राहणाऱ्या होडीला पुरेल एवढी बॅटरी चढवली तर मासळी आणि बर्फ कुठे ठेवायचा? या कामांसाठी हरित हायड्रोजनसारखे पर्याय आहेत, पण आज ते महाग आहेत.

हा मुद्दा वर्गात जपून मांडावा लागतो. कोणाचे वडील डोलवीला कामाला असतात, कोणाचे थळला, कोणाची स्वतःची होडी असते. "खनिज इंधन वाईट" असं फळ्यावर लिहिलं की त्या मुलाला वाटतं, माझे बाबा वाईट काम करतात. त्याला सांगायला हवं की पोलाद आणि खत लागणारच आहे. ते बनवायची रीत बदलेल आणि ती बदलणारी माणसं आज पाचवीत बसली असतील.

छपरावर पॅनेल बसवणाऱ्या पालकांसाठी

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून अधिकला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. अर्ज करण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाने तीन गोष्टी विचाराव्यात.

पहिली, सांगाडा कशाचा आहे? खाऱ्या हवेत साधं लोखंड फार टिकत नाही. जाड जस्ताचा थर दिलेला किंवा अॅल्युमिनियमचा सांगाडा आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट मागा.

दुसरी, वाऱ्याला तो किती धरेल? ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आपण विसरलेलो नाही. पत्रे उडाले, श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पॅनेल छपराला पक्कं बांधलेलं हवं, नुसती वजनं ठेवून चालणार नाही.

तिसरी गोष्ट बहुतेकांना बसवल्यावर कळते. साधी ऑनग्रिड यंत्रणा बाहेरची लाईट गेली की स्वतःही बंद पडते, मग भर दुपारी ऊन का असेना. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला छपरावरून उलट आलेल्या विजेचा झटका बसू नये, म्हणून ती तशीच बनवलेली असते. वादळानंतर काही गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. तशा वेळी उजेड हवा असेल तर बॅटरी जोडलेली हायब्रिड यंत्रणा लागते आणि तिचा खर्च जास्त येतो.

मग मुलांना काय सांगायचं?

दिवसाच्या विजेची शर्यत सूर्याने जिंकली आहे. संध्याकाळच्या विजेत बॅटरी आणि उदंचनामुळे तो कोळशाला गाठतोय. पावसाळ्याच्या विजेला वारा, पाणी आणि मोठी साठवण लागेल. पोलाद, खत आणि होडी यांची शर्यत आता कुठे सुरू होतेय. कोळसा संपला म्हणून कोळशाचं युग संपेल असं दिसत नाही. तो महाग आणि गैरसोयीचा ठरत जाईल, तसतसा मागे पडेल. किती लवकर, ते आपण विजेची बेगमी किती करतो आणि मागणी किती वाढवतो यावर ठरेल.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

१. मुलांनी आठ दिवस घरच्या मीटरचा आकडा सकाळी ७, संध्याकाळी ५ आणि रात्री १० वाजता लिहावा. कोणत्या वेळेत जास्त युनिट गेली? आलेख काढा.

२. घरातली कोणती कामं दुपारी करता येतील? पाणी चढवणं, इस्त्री, दळण? स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळू लागली आहे. पालकांसोबत बिल तपासा.

३. आजीला विचारा, पावसाळ्यासाठी ती काय काय साठवायची? त्या यादीसमोर लिहा: यात ऊन कुठे वापरलं?

४. जिल्ह्याचा नकाशा काढून खोपोली, भिवपुरी, भिरा, उरण, थळ, डोलवी आणि घारापुरी दाखवा. प्रत्येक ठिकाणी कोणतं इंधन किंवा कोणता स्रोत, ते वेगळ्या रंगाने भरा.

नकाशा रंगवून झाला की फळ्यावरचे ते दोन रकाने पुन्हा काढा आणि या वेळी शेजारी तिसरा रकाना आखा: "कोणत्या वेळी आणि कोणत्या कामाला?" तो मुलांनाच भरू द्या. तुमच्या वर्गात काय काय निघालं, ते जरूर कळवा.